एक लिटर की दीड लिटर? पहिल्या गाडीची नोंदवही

२ नोव्हेंबर, रविवार

फोक्सवॅगनची व्हर्टस ही सेडान घ्यायची, दोन-तीन वर्षं वापरलेली, मॅन्युअल गिअरची. गाडं इथवर आलंय आणि इंजिनापाशी अडलंय. एकीकडे एक लिटर, म्हणजे ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११५ पीएस (ताकद), १७८ एनएम (टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर). दुसरीकडे दीड लिटर, म्हणजे १४९८ सीसी, चार सिलिंडर, १५० पीएस, २५० एनएम. बॉडी एकच, चाकणचा कारखानाही एकच, पण चालवायला बसलं की दोघींचा स्वभाव निराळा.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: माझं वय चोवीस. लायसन्सला सहा वर्षं झाली, पण हात बसलाय तो फक्त बाबांच्या २०१४च्या स्विफ्टवर. घर मुलुंडला, नोकरी लोअर परळला. पैसे माझे स्वतःचे, कर्ज शक्य तितकं कमी.

यादीतल्या बाकीच्या गाड्यांचं काय झालं तेही सांगते. पोलो जीटी टीएसआय ही शाळेपासूनची हौस. सीसी आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्यामुळेच कळलं: बाबांच्या स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसी, जुन्या जीटीचंही ११९७ सीसी, पण स्विफ्टचा टॉर्क ११५ एनएमच्या आसपास आणि पोलोचा १७५. तेवढ्याच सिलिंडरांत टर्बो जास्त हवा कोंबतो, बस्स. पण पोलो २०२२ला बंद झाली, चांगल्या सांभाळलेल्या जीटी मालक सोडत नाहीत, आणि मला तिसरं पेडल, म्हणजे क्लच, हवंच आहे. अबार्थ पुंटोही एकदा बघून आले. १४५ पीएस, आवाज अजून कानात आहे. पण फियाटने इथली विक्री थांबवलेली, तेव्हा पहिल्याच गाडीला पार्टसाठी वणवण नको. आय-ट्वेंटी एन लाइन आणि अल्ट्रोज रेसर दोन्ही १२० पीएसच्या, दोन्ही आवडल्या. मन मात्र सेडानवरच बसलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

आज फक्त पैशांचा हिशेब.

परदेशातले व्हिडिओ बघून आपल्यातले बरेच जण म्हणतात की तरुणांनी छोटं इंजिन घ्यावं, विमा परवडतो. त्यांच्याकडे हप्ता ड्रायव्हरच्या वयावर ठरतो. आपल्याकडे तसं नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर बांधलेला आहे: जून २०२२च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. आता ९९९ आणि १४९८ हे आकडे पुन्हा वाचा. दोन्ही इंजिनं आपापल्या टप्प्याच्या अगदी काठावर थांबलीत. म्हणजे वर्षाला फरक १,३२२ रुपयांचा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मुख्यतः आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), गाडीचं वय, सीसी आणि शहर यांवर. माझ्या चोविशीचा त्यात संबंध नाही. नो क्लेम बोनस मात्र मालकाचा असतो, त्यामुळे बाबांनी इतक्या वर्षांत साठवलेले ५० टक्के माझ्या कामाचे नाहीत. माझी सुरुवात शून्यापासून.

करातही तेच. सप्टेंबर २०२५पासून पेट्रोलच्या छोट्या गाडीला १८ टक्के जीएसटी, पण त्यासाठी इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत, दोन्ही अटी हव्यात. व्हर्टस साडेचार मीटरच्या वर आहे. नवी घेतली तर एक लिटरलाही ४० टक्केच. सेडानमध्ये छोट्या इंजिनाने जीएसटी वाचत नाही.

मग खरा फरक उरतो तो किमतीचा. मला मिळालेल्या भावांत एकाच वर्षाच्या, जवळपास सारख्याच चाललेल्या दोन गाड्यांत दोन ते अडीच लाखांचं अंतर आहे. त्यातून दीड लिटर मॅन्युअल मिळायलाच मारामार. येतात त्या बहुतेक डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक. मुंबईत पेट्रोल शंभरीपार आहे, पण माझं रनिंग कमी, त्यामुळे तो मुद्दा मी मोजत नाहीये.

१६ नोव्हेंबर, रविवार

तीन आठवडे स्विफ्टच्या ओबीडी पोर्टला (इंजिनाचे आकडे देणारं सॉकेट) ब्लूटूथ रीडर लावून ऑफिसला गाडीने गेले. कुणाच्या सांगण्यावर इंजिन निवडायचं नव्हतं, मी स्वतः कोणत्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असते ते बघायचं होतं.

संध्याकाळी लोअर परळहून निघून सायनपर्यंत पोचायचं, मग ईस्टर्न एक्सप्रेस हायवे. त्या टप्प्यात मी जवळजवळ सगळा वेळ ९०० ते १६०० आरपीएमच्या मध्ये होते. पहिला, दुसरा, परत पहिला. अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या खाली दाबला गेला तो संपूर्ण आठवड्यात मिळून काही मिनिटं.

व्हर्टसची दोन्ही इंजिनं टर्बोची, तेव्हा आता हे टर्बोवर बसवून बघू. एक लिटरचा पूर्ण टॉर्क १७५० आरपीएमला येतो, दीड लिटरचा १६००ला. त्याच्या बरंच खाली टर्बो जागाच झालेला नसतो. अशा वेळी इंजिन म्हणजे जेवढी सीसी तेवढीच हवा, म्हणजे ९९९ विरुद्ध १४९८, दोनाला तीन. बंपरला बंपर लावून सरकताना दीड लिटर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून रांगते. एक लिटर तिथे धडपडते, आणि तुम्ही पहिला टाकता किंवा क्लच अर्धवट दाबून ठेवता. ऑफिसातल्या मैत्रिणीची एक लिटर दादरपर्यंत चालवली, नेमकं हेच झालं. सिग्नलला तीन सिलिंडरांची थरथरही सीटमध्ये जाणवते. तीनमध्ये दर २४० अंशांना ठिणगी पडते, चारमध्ये दर १८०ला.

म्हणजे ‘शहरासाठी छोटं इंजिन बरं’ हे आपण सगळे म्हणतो ते मला उलटं दिसतंय. ट्रॅफिकमध्ये मोठंच सुखाचं. आज रात्रीपर्यंत माझं मत दीड लिटरला होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

माळशेज! पहाटे साडेचारला निघालो. ठाण्याच्या दादाची, म्हणजे मामेभावाची, दीड लिटर मॅन्युअल आणि मैत्रिणीची एक लिटर मॅन्युअल. कल्याण, मुरबाड, टोकावडे. मुरबाडला चहा आणि पहिली अदलाबदल.

सरळ रस्त्यावर दीड लिटरला तोड नाही. जुन्नर-ओतूरकडून भाजी उतरवणारे टेम्पो आणि त्यांच्या मागे साठलेल्या गाड्या. चौथ्या गिअरमध्येच पाय दाबला की रांग मागे. टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२३ने भागलं की पीएस निघतात. १६०० आरपीएमला दीड लिटर ५७ पीएस देते. एक लिटर १७५०ला ४४. साडेतीन हजारांवर १२५ विरुद्ध ८९. ओव्हरटेकला जी सहजता जाणवते ती ही. पायाखाली ताकद नसेल तेव्हा खालचा गिअर, आवाज, आणि समोरून काय येतंय याचा दुसऱ्यांदा विचार.

घाट लागला आणि चित्र फिरलं.

दीड लिटरमध्ये मी अख्खा घाट तिसऱ्यात चढले. वळणात थोडी चूक झाली, गिअर चुकीचा राहिला, वेग जास्त सांडला, तरी पाय दाबला की गाडी भरून काढते. एका वळणातून बाहेर पडताना दाबला, आणि पुढचं वळण मी धरलं होतं त्याच्या आधीच समोर आलं. ब्रेक लागला, काही झालं नाही. पण छातीत धस्स झालं ते खरं. दादा शेजारून एवढंच म्हणाला, “जरा आधी बघत जा गं.” बरोबर होतं त्याचं. गाडीचा वेग माझ्या नजरेच्या पुढे गेला होता.

वर गाड्या बदलल्या, खाली उतरलो, आणि तोच टप्पा एक लिटरने पुन्हा चढले. आता दुसरा की तिसरा हे वळणाच्या आधी ठरवावं लागतं. चुकलं तर गाडी लगेच सांगते, आरपीएम १५००च्या खाली जातात आणि पुढचे दोन क्षण काहीच घडत नाही. तिसऱ्या खेपेला जमलं: ब्रेक सरळ रस्त्यावर, दुसरा टाकून ३००० आरपीएमला वळणात, बाहेर पडताना पाय पूर्ण खाली. पूर्ण! वेगमर्यादेत राहून इंजिनाची सगळी ताकद वापरता आली. नाकावरचं वजनही हलकं वाटतं, स्टिअरिंगला कळतं. दीड लिटरमध्ये सबंध सकाळी मी अ‍ॅक्सिलरेटर तळाला लावला तो दोनदा, तेही दोन-दोन सेकंद.

परतीच्या वाटेवर मी फारशी बोलले नाही. डोक्यात हिशेब उलटासुलटा होत होता.

२६ नोव्हेंबर

एका ट्यूनरने सुचवलं, एक लिटर घे, रीमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) करून देतो, दीडच्या जवळ जाईल. नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे कंपनीने ठरवलेल्या गोष्टी परवानगीशिवाय बदलता येत नाहीत, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. ज्यांनी केलंय त्यांच्याशी वाद नाही. पण ७५०, १००० आरपीएमला जी हवा कमी पडते ती सॉफ्टवेअरने वाढत नाही. टर्बो फिरायला लागल्यावरचं बोलतात सगळे.

३० नोव्हेंबर, रविवार

ठरलं. एक लिटर.

सगळा गुंता एका प्रश्नाने सुटला. आई म्हणाली, “पण तू गाडीने ऑफिसला जाणारेस का?” नाही ना! ते तीन आठवडे मी फक्त आकड्यांसाठी गेले. फास्ट लोकल मुलुंडहून अर्ध्या-पाऊण तासात दादरला सोडते; त्याच वेळात गाडीने मी सायनच्याही अलीकडे असते. दीड लिटर जिथे माझ्यासाठी खरंच सरस आहे तो सायनचा ट्रॅफिक, आणि तिथे मी गाडी नेणारच नाही. माझी गाडी रविवारी पहाटे निघणार, घाटात जाणार, अकरापर्यंत घरी येणार. त्या वापरात मला शिकवेल अशी गाडी एक लिटर आहे.

ज्यांना रोज गाडीनेच जावं लागतं, किंवा दर आठवड्याला एक्सप्रेसवेने पुण्याला चार माणसं घेऊन जायचंय, त्यांनी माझं ऐकू नये. त्यांनी दीडच बघावी. महामार्गावर हलक्या पायाने चालताना ती चारातली दोन सिलिंडर बंद ठेवते, हे दादाच्या गाडीत डिस्प्लेवर बघितलं.

७ डिसेंबर, रविवार

तिसरी गाडी पास झाली. पहिल्या दोन भांडुपच्या मेकॅनिक काकांनी पाच मिनिटांत बाद केल्या. पावसाळ्यात पाण्यात उभी राहिलेली गाडी कशी ओळखायची ते त्यांनी दाखवलं: “सीट धुतात, कार्पेट बदलतात. बेल्ट शेवटपर्यंत ओढ. ते टोक कोणी धूत नाही.” पहिल्या गाडीत बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ होती. सीटच्या रुळांवर आणि स्टेपनीच्या खड्ड्यातही बघा.

घेतलेली गाडी २०२३ची, एमएच ०४ पासिंग, एकच मालक, सर्व्हिसचं पूर्ण रेकॉर्ड. क्लच जरा वर पकडतो, पण घसरत नाही. तिसऱ्यात कमी आरपीएमवरून पाय दाबून बघितलं, आरपीएम एकदम उडाले नाहीत. टोकन दिलं. मालकांचं कर्ज संपलंय पण आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय, त्यामुळे बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही. मग गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०.

टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा वाचला: ०९२३. कंपनीचेच टायर, कडा कडक झाल्यात. वाचलेल्या पैशांतून पहिला खर्च चार नवे टायर, २०५/५५ आर १६ याच मापाचे. तुमच्यापैकी कोणी ओल्या घाटात या मापाचे टायर वापरले असतील तर जरूर लिहा. ओबीडी रीडर स्विफ्टमधून काढून ठेवलाय. आरसी हातात आली की माळशेजचा तोच टप्पा पुन्हा चढून आकडे इथे टाकते.