गणिताच्या बाईंचं कपाट

बालगृहातून शाळेत येणारी पोरं लांबूनच ओळखू यायची. एकाच ताग्यातले सदरे, मशीन फिरवलेली डोकी. वर्गात आम्हाला 'रिमांडची पोरं' म्हणत. शाळा सुटली की बाकीचे ग्राउंडवर रेंगाळायचे, आम्ही रांग धरून निघायचो. साडेपाचला फाटकाशी अधीक्षक साहेब खुर्ची टाकून बसलेले असत, मांडीवर हजेरीचं रजिस्टर.

हजेरी सगळ्यांची व्हायची. झडती फक्त आमची, पारध्यांच्या पोरांची. खिसे उलटे करायचे, दप्तर फरशीवर ओतायचं, वह्या झटकायच्या. गोटी किंवा खडूचा तुकडा निघाला की 'कुठनं उचललास?' हे ठरलेलं. 'सापडला' म्हटलं तर साहेबांच्या लेखी ती कबुली.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कुणाविषयी वाकडं लिहू नये असा रिवाज आहे, तो मला माहीत आहे. संपादकांना नको वाटलं तर हा मजकूर गाळावा. पण आधी हेही लिहितो की हा माणूस पैशाला फार स्वच्छ होता. कोठीतली तूरडाळ स्वतः उभं राहून तोलून घ्यायचा. संस्थेचा चहा पीत नसे, घरून थर्मास आणायचा. त्याच्या काळात ताटात कधी कमी पडलं नाही. तापाने फणफणलेल्या पोराला रात्री सायकलवर पुढे बसवून दवाखान्यात नेताना मी त्याला पाहिलंय, आणि ते पोरगं आमच्यातलंच होतं. सगळ्या गावात त्याला मान होता. नेमकी तिथेच आमची पंचाईत झाली. खाणारा अधीक्षक असता तर चार लोकांनी आमचं ऐकलं असतं. याच्याविरुद्ध बोलायला गेलं की समोरचा म्हणायचा, अरे, देवमाणूस आहे तो, तुमच्या भल्यासाठीच करतो.

माझ्या फायलीवर 'उपेक्षित बालक' असं लिहिलेलं होतं. वडील आत होते आणि आई माझ्यासकट स्टेशनवर भीक मागताना सापडली, म्हणून 1986च्या बाल न्याय कायद्याखाली मला तिथे ठेवलं होतं. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचं त्याच कायद्यात वेगळं प्रकरण, वेगळं न्यायालय. साहेबांना हे कायदे कलमांसकट पाठ होते, तरी आमच्या बाबतीत दोन्ही प्रकरणं एकच. 'रक्तातच असतं, त्याला तो तरी काय करणार,' हे ते चिडून बोलत नसत. सर्दी झालेल्या पोराला आल्याचा काढा द्या म्हणावं तितक्या सहज बोलत. कोठीची, ऑफिसची, देवघराची कामं 'चांगल्या घरातल्या' अनाथ पोरांकडे. आमच्याकडे मोठी पातेली आणि संडास. किल्लीच्या जुडग्याला आमच्यापैकी कुणाचा हात कधी लागला नाही.

आई रविवारी यायची. तिला फाटकाच्या आत घेत नसत. गजाच्या पलीकडे ती, अलीकडे मी, आणि मधे काळजीवाहक उभा. पारधी बोलीत बोलायला साहेबांची मनाई होती, 'तुमची काय खलबतं चालतात ते आम्हाला कळायला नको का?' म्हणून. आईला मराठी यायचं ते मागण्यापुरतं. मग आम्ही नुसते बसायचो. ती गजातून हात घालून माझ्या डोक्यावरची खरूज चाचपून बघायची आणि बसची वेळ झाली की उठायची.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजोबांना हे सांगितलं. त्यांचं तरुणपण सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये गेलेलं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमची जातच्या जात चोर ठरवली होती. तिथे तारेच्या कुंपणात राहायचं आणि ठरल्या वेळी हजेरी द्यायची. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आजोबांनी झडतीचं सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, 'तार हाय का?' मी म्हटलं, नाही, भिंत आहे. 'मग बरं हाय,' म्हणाले आणि विडी पेटवली.

सातवीत गणितात पहिला आलो. शाळेने कंपासपेटी दिली, उंटाचं चित्र असलेली. संध्याकाळी ती फाटकातच जप्त झाली. बक्षीस मिळालं म्हणून सांगितलं तर दोन कानाखाली बसल्या, चोरीसाठी एक आणि खोटं बोलल्याबद्दल दुसरी. दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला मी नुसताच बसलेला पाहून बाईंनी कारण विचारलं. शाळा सुटल्यावर त्या बक्षीस वाटपाची वही काखेत मारून आमच्या रांगेबरोबर चालत फाटकापर्यंत आल्या. साहेबांनी वहीतली नोंद वाचली, सही ताडून पाहिली, आतून पेटी आणून माझ्या हातात दिली. बाईंना खुर्ची दिली. मग रजिस्टर उघडलं, हजेरी घेतली आणि माझे खिसे उलटे करायला लावले. बाईंच्या देखत.

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यात स्टाफरूममधल्या त्यांच्या कपाटातला खालचा खण रिकामा झाला. 'जे तुमचं असेल ते इथे ठेवत जा,' म्हणाल्या. कंपासपेटी, गोट्या, कुणाची बहिणीची राखी, कुणाचा फोटो, सगळं तिथे. आम्ही फाटकातून रिकाम्या खिशांनी आत जायचो आणि झडतीत काही निघत नाही म्हणून साहेबांचा संशय आणखीच वाढायचा. त्याचं आम्हाला भारी हसू यायचं.

शाळा काही स्वर्ग नव्हती. कुणाचं पेन हरवलं की वर्गातल्या माना आमच्याकडेच वळायच्या आणि काही गुरुजींच्याही वळायच्या. बाई एकच होत्या.

आता मी एसटीत वाहक आहे. डेपोत रोजचा हिशेब भरतो, रोकड मोजून देतो. बालगृहातली मुलं अजून आपल्या शाळेत येतात, हे परवा मुख्याध्यापकांकडून कळलं. सुवर्णमहोत्सवी निधीला मी वर्गणी दिली आहे, ती कमानीच्या रंगरंगोटीत घालू नये. एक लोखंडी कपाट घ्यावं, खणांना वेगवेगळी कुलपं असलेलं, आणि प्रत्येक खणाची किल्ली त्या त्या मुलाकडे द्यावी. 'मुलं किल्ल्या हरवतील हो,' असं मुख्याध्यापक म्हणाले. हरवू देत, दुसरी करून घेण्याचे पैसे वेगळे पाठवतो.