खवट तूप आणि मोगरा

डब्याच्या तळाशी राहिलेलं तूप खवट झालं की नाकाला झोंबतं ते मुख्यतः ब्युटिरिक आम्ल. याच आम्लाची साध्या अल्कोहोलशी सोयरीक जमवली की एथिल ब्युटिरेट होतं आणि त्याला वास येतो अननसाचा! हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या नेमका तोच डबा घासत होत्या. "मग भाऊजी, तुम्हीच लावा ते लग्न. माझं घासायचं तरी वाचेल."

लग्न लावणं एवढं सोपं नाही. आम्ल आणि अल्कोहोल नुसती एकत्र ठेवली तर प्रकरण फार रेंगाळतं; गंधकाम्लाचे थोडे थेंब आणि ऊब लागते. फिशर आणि स्पायर या जर्मन रसायनज्ञांनी १८९५ साली ही रीत बसवून दिली. तरी मेख उरतेच. आम्ल आणि अल्कोहोलच्या जोडीतून होतो तो एस्टर; त्याच्याबरोबर पाणी सुटतं आणि तेच पाणी एस्टरला पुन्हा फोडतं. असेटिक आम्ल आणि अल्कोहोल समप्रमाणात घेतलं तर काम सुमारे दोन तृतीयांशावर थबकतं. मग पाणी काढत राहायचं, नाहीतर एक पक्ष भरपूर घालायचा.

साबणात सगळं उलट. तेल-तूप मुळातच एस्टर, एका ग्लिसरीनला तीन मेदाम्लं बांधलेली. शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञानं १८२३ च्या ग्रंथात स्निग्धांची ही घडण उलगडली. कॉस्टिक सोड्यानं हा संसार मोडतो आणि इथं समेट नाही. सुटलेल्या आम्लाचं लगेच सोडियमचं क्षार होतं, तोच साबण, आणि तो ग्लिसरीनकडे ढुंकूनही बघत नाही. वरून मिठाचं पाणी घातलं की साबण वर येतो, ग्लिसरीन खालच्या पाण्यात राहतं. सोड्याऐवजी पोटॅश वापरलं तर वडी धरत नाही, मऊ लगदा होतो.

आमच्या बडोद्यात हे सगळं फार परकं वाटू नये. इथं १८९० साली सयाजीरावांच्या आश्रयानं कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं, ते उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर रसायनाचेच प्राध्यापक. १९०७ च्या अलेम्बिक या औषध कंपनीमागेही ते होते. तरी दांडियाबाजारात साबण घेताना माणूस वेष्टनावरचं फूल बघतो आणि वडी नाकाशी नेतो. (मीही नेतो.)

मोगऱ्याच्या वासात बेंझिल असिटेट असतं. म्हणजे एक एस्टर मोडून केलेल्या वडीत दुसरा एस्टर वासाला घालायचा! पण साबण अल्कधर्मी. तो या पाहुण्यालाही हळूहळू फोडू लागतो, म्हणून साबणाचे सुगंध जुळवणारे जरा टिकाऊ द्रव्यं शोधतात. हा खटाटोप मला काही पटत नाही. साबण बिनवासाचाच घ्यावा, आणि मोगरा हवाच असेल तर खंडेराव मार्केटात फुलवाल्यांकडे गजरा मिळतो.