मंडळीची वही

खेड्यातल्या चर्चचा इतिहास विचारला की लोक आधी इमारत दाखवतात. दाराशेजारच्या भिंतीतली संगमरवरी पाटी, तिच्यावरचे साल, पायाभरणी करणाऱ्या कोणा साहेबाचे नाव आणि वर बायबलमधले एखादे वचन, एवढ्यावर पाहुण्याचे समाधान व्हावे अशी त्यांची अपेक्षा असते. मला या पाट्यांत फारसा रस वाटत नाही. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांच्या घरी लोखंडी कपाटात, फाटक्या गायनपुस्तकांच्या आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यांच्या मागे, कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही असते. तिच्यात मंडळीतले, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या समाजातले बाप्तिस्मे, लग्ने, दफने आणि सभासदांची नावे लिहिलेली असतात. पाटीवर एका माणसाचे नाव असते आणि वहीत सगळ्या वस्तीची, म्हणून इतिहासाला वही बरी, असे माझे मत आहे. अशा वह्या चाळण्याची मला खोडच लागली आहे.

अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, या वह्या गावोगाव सापडतात. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट धर्मप्रचारक संस्थेचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला आले. सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. जे थोडे लोक ख्रिस्ती झाले त्यांत ब्राह्मणांच्या धर्मांतराची चर्चा अधिक झाली, कारण त्यांच्या धर्मांतराने शहरात खळबळ उडत असे. खेड्यांतली मंडळी उभी राहिली ती पुढे, शतकाच्या मध्यानंतर, नेवासे आणि राहुरीच्या बाजूला, गोदावरी-प्रवरेच्या काठाने, आणि ती बहुतांशी महारवाड्यात, काही ठिकाणी मांगवाड्यात. १८५४-५५ मध्ये मिशनच्या अमेरिकेतल्या मुख्य कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात येऊन गेले आणि त्यांनी शहरी इंग्रजी शाळांपेक्षा खेड्यातल्या देशी भाषेच्या शाळांवर आणि देशी पाळकांवर भर द्यावा असा आग्रह धरला. त्या धोरणावर पुष्कळ वाद झाला, आणि इंग्रजी शिकू पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ते काही हिताचे नव्हते. पण खेड्यात त्याचा परिणाम असा झाला की चर्चच्या आधी शाळा आली. एकच खोली, तिथे आठवडाभर पाढे चालत आणि रविवारी उपासना. मास्तर तोच उपदेशक, आणि वही लिहिणाराही तोच. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी वहीतली पहिली नोंद पाटीवरच्या सालाहून जुनी निघते, आणि अक्षर कित्त्यासारखे वळणदार असते.

नोंद अगदी कोरडी असते. तारीख, नाव, बापाचे नाव, आईचे नाव, गाव, वय, धंदा, बाप्तिस्मा कोणी दिला. तरीही त्या रकान्यांपुढे मी बराच वेळ थांबतो, कारण ज्यांची नावे तिथे आहेत त्यांची नावे त्याआधी कोणी एवढ्या निगुतीने लिहिली नव्हती. सरकारदप्तरी महार होता, पण तो वतनदार म्हणून, येसकरीचा, म्हणजे गावच्या वेशीच्या राखणीचा, पाळीदार म्हणून. गावच्या जन्म-मृत्यूच्या दप्तरात, ज्याला पुढे गाव नमुना चौदा म्हणू लागले, मूल जन्मल्याची नोंद होई ती ‘अमक्यास मुलगा’, ‘तमक्यास मुलगी’ अशी. मुलाचे नाव त्यात बहुधा नसेच, कारण नाव ठेवण्याआधीच कोतवाल खबर देऊन मोकळा झालेला असे. बाप्तिस्म्याच्या नोंदीला मात्र नावावाचून गत्यंतर नाही. शिवाय आईचा रकाना असतो, आणि बाप्तिस्मा प्रौढ बाईचा असेल तर ती स्वतःच्या नावाने सभासद होते. यात मिशनऱ्यांनी काही मोठा सामाजिक विचार केला होता असे मी म्हणत नाही. त्यांच्या देशातल्या वह्या अशाच होत्या, त्यांनी रकाने तसेच आखले. पण आखलेल्या रकान्यात काय भरले जाईल ते आखणाऱ्याच्या हाती राहत नाही.

वयाच्या रकान्यात ‘सुमारे’ हा शब्द वारंवार येतो. सुमारे तीस, सुमारे पन्नास. नावांच्या रकान्यात दाविद, शमुवेल, मार्था, राहेल ही बायबलमधली मंडळी भेटतात, पण त्यांच्या शेजारीच भागूबाई, सखाराम, यशवंत, भास्कर निवांत बसलेले दिसतात. नगरकडच्या ख्रिस्ती लोकांनी आपली मराठी नावे सरसकट टाकली नाहीत. एका घरात थोरला योहान आणि धाकटा लक्ष्मण असे सर्रास आढळते, आणि आडनाव तर पुष्कळदा दोन-तीन पिढ्यांनंतरच, शहरात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या कोणामुळे, पक्के होते.

लग्नाची वही वेगळी असते आणि तिच्यावर सरकारची नजर असते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ख्रिस्ती लग्नांची नोंद बांधून दिली. देशी ख्रिस्ती लोकांसाठी त्या कायद्यात जो भाग होता त्यात वराचे वय सोळाच्या आणि वधूचे तेराच्या वर असावे अशी अट होती. आज ते आकडे वाचून अंगावर काटा येतो. पण बोहल्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी बसवण्याची रीत ज्या गावात होती, तिथे पाळकाला ‘तेरा पूर्ण झाली का?’ असे बापाला विचारावे लागणे ही साधी गोष्ट नव्हती. तेव्हा वयाच्या रकान्यातला तो ‘सुमारे’ किती वेळा सोयीचा ठरला असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

वही चाळताना काही वर्षांची पाने अचानक दाट होतात. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, आणि लगेच १८९९-१९०० चा. या सुमारास आणि त्यानंतरच्या वर्षांत बाप्तिस्म्यांच्या नोंदी एकाखाली एक येत राहतात. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा या पानांवरूनच जन्मला आणि अजून पुरता विरलेला नाही. स्वतः मिशनऱ्यांनाही ही गर्दी पाहून धास्ती वाटे, आणि पुष्कळांना त्यांनी पाऊस पडून पिके येईपर्यंत थांबवून ठेवले. मला या टोमण्याचे एक नवल वाटते. भुकेल्या माणसाने धर्म बदलला तर त्याचा हेतू तपासायला सगळे धावतात. तो भुकेला का राहिला, विहिरीवर त्याला कोण येऊ देत नव्हते, हे विचारायला मात्र कोणी वही काढत नाही. शिवाय दुष्काळ सरल्यावर सोडून गेलेल्यांची नावेही त्याच वहीत खोडलेली सापडतात. जे राहिले त्यांच्या नातवंडांचे बाप्तिस्मे पुढच्या पानांवर आहेत, आणि नातवंडे काही दुष्काळाच्या दळणावर जगत नव्हती.

शिस्तीच्या नोंदी मनोरंजक असतात. दारू प्यायला म्हणून, जत्रेत मरीआईपुढे नारळ फोडला म्हणून, मुलाचे लग्न जुन्या रीतीने लावले म्हणून अमक्याला मंडळीतून काढले, असे शेरे दिसतात. आणि काही महिन्यांनी, पश्चात्ताप व्यक्त केल्यावरून, परत घेतल्याचा शेरा. जे शेऱ्यात येत नाही ते अधिक बोलके आहे. महार आणि मांग एकाच सतरंजीवर बसत होते का, प्रभुभोजनाचा प्याला कोणाकडून कोणाकडे जात होता, सोयरीक होत होती का, याबद्दल वही गप्प असते. एकाच गावात दोन वाड्यांसाठी निराळ्या वेळी उपासना का होई, हे म्हाताऱ्यांना विचारले की ते हसतात आणि विषय बदलतात.

गाणेही वहीत येत नाही, आणि खेड्यातले चर्च खरे तर गाण्यावर चालले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या तालुक्यातल्या लोकांना ऑर्गनवरचे परदेशी सूर किती पचणार? कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले, आणि १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी भजने-अभंग लिहून ठेवले. ‘उपासना संगीत’ या गायनपुस्तकात टिळकांची पदे आजही मोठ्या संख्येने आहेत. पाळकाचा उपदेश विसरलेली म्हातारी माणसे टाळाच्या ठेक्यावर सगळी कडवी न चुकता म्हणतात.

वहीच्या मागच्या बाजूला हिशेब असतो. कापणीच्या सणाला मंडळी बाजरी, जोंधळे, भोपळे, अंडी, कोंबड्या घेऊन येते आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. बोली लावून घेतलेली कोंबडी घेणारा पुन्हा अर्पण करतो, मग तिचा पुन्हा लिलाव होतो, आणि असे दोन-तीनदा झाल्यावर ती कोंबडी बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीची होऊन बसते. हिशेब लिहिणाऱ्याने ती एकच कोंबडी तीन ओळींत जमा धरलेली असते. पाळकाच्या पगाराचा मोठा भाग अशा कोंबड्यांवर निघाला आहे.

कॅथलिक वह्यांचा थाट निराळा. केंदळ, संगमनेर या भागात जेझुइट या कॅथलिक संघाचे जर्मन धर्मगुरू आले, पहिल्या महायुद्धात सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे म्हणून उचलले, आणि युद्धानंतर स्विस आले. पण वहीची भाषा लॅटिनच राहिली. राहुरी तालुक्यातल्या शेतमजुराच्या पोराचे नाव, बापाचे नाव आणि गाव लॅटिन वाक्यात बसवलेले पाहिले की गंमत वाटते. पुढे १९४९ पासून हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, यात्रा भरू लागली. सप्टेंबरातल्या त्या गर्दीत पायी चालत आलेले, नवस फेडायला आलेले, सगळ्या धर्मांचे लोक असतात, आणि त्यांची नोंद अर्थातच कुठल्या वहीत होत नाही.

वीसाव्या शतकात ‘दाखला देऊन पाठवले’ हा शेरा वाढत जातो. माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, मग साखर कारखान्यांवर, पुण्याला, आणि जाताना मंडळीचा दाखला घेऊन गेली, म्हणजे तिकडच्या वहीत नाव चढवता यावे. धंद्याच्या रकान्यात ‘मजूर’च्या जागी ‘शिक्षक’, ‘नर्स’ येऊ लागते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर नव्या वह्यांचे मथळे बदलले. आतली आडनावे तीच राहिली.

सगळ्यात मोठा फेरफार मात्र चर्चमुळे झाला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यांत शीख आणि १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यानंतरच्या पानांवर बाप्तिस्मे विरळ होतात, पण रविवारी सतरंजी काही रिकामी पडत नाही. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि घरातल्या भिंतीवर दुसरा, अशी घरे तयार झाली. काहींनी बाप्तिस्मा घेतला पण नोंद नको म्हणाले. पूर्वी ज्या वहीत नाव यावे म्हणून माणसे वाळीत पडायला तयार झाली, त्याच वहीत नाव येऊ नये म्हणून नातवंडे पाळकाला विनवू लागली. कायद्यातला दोष असा एका रकान्यात उतरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अलीकडे काही उत्साही तरुण या जुन्या वह्या स्कॅन करून ठेवाव्यात म्हणतात. वाळवी आहे, पावसाळ्यात कपाटाला ओल येते, कागद हातात तुटतो. त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि मीही त्यांची बाजू मांडून पाहिली. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी ऐकून घेतले, वही बंद केली, आणि म्हणाले, “१९५० च्या आधीची पाने खुशाल काढा. पुढच्यांचं आपण मंडळीच्या बैठकीत बघू.” ती बैठक अजून झालेली नाही.