शनिवारची साक्षीची रात्र

आमच्या सेवक मंडळाच्या मेळाव्यात मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून हजेरीची वही घेऊन बसायचं काम गेली 19 वर्षं माझ्याकडे आहे. मिशन शाळेत शिक्षिका होते, हजेरी घ्यायची सवय होती, म्हणून पहिल्या वर्षी मोठ्या पाळकसाहेबांनी वही हातात दिली आणि ती हातातच राहिली. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतले पाळक, सुवार्तिक, बायबलबाया (घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया), रविवारच्या शाळेचे शिक्षक, मंडळ्यांचे (मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं) पंच असे सगळे जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेच्या पटांगणात जमतात आणि रविवारी दुपारी पांगतात. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) मेजर गणवेशात येतात, कॅथलिक सिस्टर्स येतात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. वहीत मी तसंच लिहिते, तोंडात मात्र नगरच येतं.

उद्घाटन, स्वागतगीत, पुष्पगुच्छ, अहवालवाचन, जमाखर्चाला मंजुरी हे शुक्रवारी संध्याकाळी आटोपतं. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. जमाखर्च दरवर्षी पैशापैशाने जुळतो एवढं मात्र लिहिते, कारण आमचे खजिनदार त्यासाठी आठ-आठ रात्री जागतात आणि व्यासपीठावरून त्यांचं नावही कुणी घेत नाही.

रात्री कीर्तन. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्त अभंग-ओव्यांतून गायला, कीर्तनातून लोकांपुढे उभा केला. त्या वाटेने चालणारे आमचे बुवा आता ऐंशीच्या घरात आहेत. उत्तररंगाला दरवर्षी चांगल्या शोमरोन्याचंच आख्यान, वाटेत लुटलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता बुवांच्या तोंडी नगर-मनमाड रस्ता होतो, लुटलेला माणूस कोल्हारच्या पुलाअलीकडे पडलेला असतो, आणि याजक गाडीची काच वर करून पुढे निघून जातो. शोमरोनी जखमेवर तेल ओततो त्या जागी बुवा टाळ खाली ठेवतात आणि हवेत नुसता हात फिरवतात. मृदंगवाला आपोआप थांबतो. इतकी वर्षं ऐकते आहे, तरी त्या हाताकडे पाहिलं की घसा दाटतो. अलीकडे तरुण संघाची मुलं कीबोर्ड, गिटार आणतात. जुन्या मंडळींनी कुरकुर केली तेव्हा मी मुलांची बाजू घेतली होती, पुन्हाही घेईन. मात्र बुवा उभे असताना त्यांनी मांडवामागे आपल्या वायरी जोडत बसू नये, हे त्यांना मी तोंडावर सांगितलं आहे आणि इथेही लिहिते.

शनिवारचा दिवस व्याख्यानांचा. विषयाचे शब्द दरवर्षी वेगळे, गाभा एकच: जग बदलतंय, मग पाळकाने, पंचाने, पुढाऱ्याने काय करावं? मोबाइलवर झाली, शहरात गेलेल्या तरुणांवर झाली, परदेशी गेलेल्या लेकरांवर झाली. यातली बरीचशी व्याख्यानं ऐकून विसरले. एक विसरले नाही. 2010 साली पुण्याच्या एका सेमिनरीतले प्राध्यापक आले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या, 1910 सालच्या एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेबद्दल ते बोलले. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, जवळजवळ सगळे युरोप-अमेरिकेचे. आशियातले वीससुद्धा नव्हते. त्यांत दक्षिणेतले 35 वर्षांचे व्ही. एस. अझरया. गोरे मिशनरी आणि देशी सेवक यांच्यात काम आहे, पगार आहे, पण मैत्री नाही, असं ते त्या भरल्या सभेत बोलले. शेवटी बायबलातला प्रीतीवरचा अध्याय, करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा, मनात धरून म्हणाले, तुम्ही आपलं धन गरिबांना दिलंत, आपली शरीरं जाळायला दिलीत, आम्ही प्रीतीही मागतो, आम्हांला मित्र द्या! दोन वर्षांनी ते दोर्णकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. प्राध्यापक म्हणाले, आज जगातले बहुसंख्य ख्रिस्ती आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेत राहतात. आता घरातले मोठे आपणच. मग आपल्या दाराशी उभं राहून मित्र कोण मागतोय, ते कधी पाहिलं का?

टाळ्या झाल्या. चहा झाला. आणि नेहमीप्रमाणे चार वाजता गाड्या सुरू झाल्या.

याची मला फार खंत आहे, आणि वही माझ्याकडे असल्यामुळे ती नुसती खंत राहत नाही, आकड्यांत दिसते. शनिवारी दुपारच्या पंगतीला साडेतीनशे पानं उठतात. रात्रीच्या साक्षीला, म्हणजे देवाचा आपापला अनुभव सांगायला-ऐकायला, दीडशे माणसंही उरत नाहीत. ज्यांची घरं सर्वांत जवळ, ज्यांच्याकडे चारचाकी, तेच आधी उठतात. पाथर्डी-शेवगावकडची माणसं दोन एसट्या बदलून येतात आणि सतरंजीवर तिसऱ्या दिवसापर्यंत बसून असतात. ‘घरी उपासना लावली आहे’, ‘सकाळी लवकर निघायचंय’ ही कारणं मी ऐकून घेते आणि वहीत निघाल्याची वेळ लिहिते. कुणाला राग आला तर येवो.

साक्षीच्या रात्रीला पाहुणा नसतो, अध्यक्ष नसतो. जेवणं झाली की ट्यूबलाइट बंद करून एकच बल्ब ठेवतात आणि ज्याला बोलायचं तो उभा राहतो. प्रत्येकाला पाच मिनिटं, मग शाळेची पितळी घंटा. घंटा आमच्या शिपाईमामांच्या हातात असते, आणि कुणाची घंटा कधी विसरायची हे त्यांना बरोबर कळतं.

त्या 2010 च्या रात्री एक सुवार्तिक उभे राहिले. पायात स्लीपर, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत फाटलेल्या. म्हणाले, “माझी मंडळी दसऱ्यानंतर गावात नसते.” त्यांचं गाव ऊसतोडीचं. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे जावंच लागतं. देवळाला (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) कुलूप, घरांना कुलूप, मागे म्हाताऱ्या आणि शेरडं. पहिल्या वर्षी ते तीन म्हाताऱ्यांना घेऊन नाताळची उपासना करून बसले. दुसऱ्या वर्षी पिशवीत शास्त्र (बायबल) आणि गीतांचं पुस्तक घालून कोल्हापूरकडच्या फडात मंडळीमागे गेले. पाचटाच्या कोपीत राहिले. तिथे वचन ऐकायला कुणाला वेळ होता? पहाटे चारला फड सुरू, ट्रक कधीही येणार, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. तेव्हा त्यांनीही मोळ्या उचलायला सुरुवात केली. “ज्याच्या डोक्यावर मोळी नाही त्याची प्रार्थना तिथं कोण ऐकंल, बाई?” हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, कारण पहिल्या रांगेत मीच होते.

नाताळच्या रात्री बाराला ट्रक आला. भरून होईतो तीन वाजले. ट्रॅक्टरच्या दिव्यात बाया तशाच पाचटावर टेकल्या, हात उसाच्या पातीने चिरलेले, आणि त्यांनी गीत धरलं. सुवार्तिकांनी वचन वाचलं. मग एका बाईने विचारलं, “प्रभुभोजन न्हाई का अवंदा?” प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून प्याला वाटून घेण्याचा विधी. ते दीक्षित पाळक नाहीत, प्रभुभोजन देता येत नाही. एवढं सांगून ते खाली बसले. शिपाईमामांनी घंटेला हातही लावला नव्हता.

मागून एक आवाज आला, “मी येते.”

आमच्या पाळकताई. (पाळकीणबाई म्हणजे पाळकांची बायको, म्हणून आम्ही यांना पाळकताई म्हणतो.) त्या वेळी त्यांना दीक्षा मिळून दोन वर्षं झाली होती आणि काही मंडळ्या त्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यायला का-कू करत होत्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्र मराठीत आणलं, तिथल्या बायामुलींनी छापखान्यात खिळे जुळवले, आणि 1922 साली बाई गेल्यावर 1924 साली ते ग्रंथरूपात बाहेर पडलं. असा आपला वारसा असताना बाईच्या हातचा प्याला नको म्हणणारी माणसं आपल्यातच होती. (2013 साली चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या, तेव्हा ती बातमी मी वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवली. अजून आहे.)

पुढच्या नाताळात पाळकताई एसटीने गेल्या. प्याला-ताटली स्टीलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून. फडाजवळ पाव मिळाला नाही, तेव्हा भाकरी मोडली. परत आल्यावर एका पंचांनी त्यावर सभेत आक्षेप घेतला, दीड तास चर्चा चालली. मी सहसा सभेत बोलत नाही. त्या दिवशी उठून म्हणाले, आपल्या बायकांनी कष्टाने मिळवलेली भाकरी प्रभूला चालत नसेल, तर आपण वर्षभर काय खातो? ठराव झाला नाही, पण विरोधही मावळला. तेव्हापासून पाळकताईंची फडावरची फेरी चुकलेली नाही.

दुसरीही एक साक्ष मनात आहे. आमच्याच शाळेची विद्यार्थिनी, कुवेतला नर्स. 2021 साली मेळावा मोबाइलवरच झाला, तेव्हा ती तिकडून बोलली. तिच्या मागे हॉस्टेलची भिंत, गळ्यात ओळखपत्र, डोळे जागरणाने सुजलेले. “आमचा रविवार शुक्रवारी येतो,” म्हणाली. एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या पाळीपाळीने उपासना करतात, एकीचं शेवटचं गीत चालू असताना दुसरी दारात उभी असते. कोरोना वॉर्डात ती शेवटच्या माणसांजवळ बसली होती, कोण कुठल्या धर्माचं ते विचारायला सवड नव्हती, ज्याला जी प्रार्थना हवी तिचे शब्द ती मोबाइलवर शोधून वाचत होती. बोलताना तिचं नेटवर्क तीनदा तुटलं. आम्ही तीनही वेळा थांबलो.

मदतनीसांची नावं छापायची नाहीत हा मंडळाचा जुना ठराव. मोठे पाळकसाहेब, आता ख्रिस्तवासी, म्हणत, नावं वर लिहिली गेली आहेत. ठराव मी मोडत नाही, पण कुणी राहू नये म्हणून कामं तरी लिहिते. मांडवाचे मामा, जे भाडं निम्मंच घेतात आणि ते ख्रिस्ती नाहीत. भाकऱ्यांच्या सहा जणी, पहाटे तीनपासून चुलीपाशी. मटणाचा रस्सा करणारे दोघे भाऊ. पाण्याचा टँकर देणारे सरपंच. स्पीकरवाला दादा. सतरंज्या झटकणारी सातवीची मुलं. संडास धुणाऱ्या ताई, ज्यांना मी दरवर्षी पहिल्या पंगतीत बसवते. लाल भोपळा, अंडी आणि कोंबडा यांचा लिलाव पुकारणारे काका, ज्यांच्यामुळे सेवकनिधी भरतो. सिस्टरबाई आणि त्यांची औषधांची पेटी. शिपाईमामा वर आलेच आहेत. आणि दिवाबत्तीचा मुलगा, मागच्या लेखात राहून गेला होता, त्याची मनापासून क्षमा मागते.

2022 साली जानेवारीत कोरोना पुन्हा वाढला, म्हणून मेळावा मे महिन्यात घेतला. ऊन रणरणत होतं, यायला किती जण येतील याची धाकधूक होती. दुसऱ्या लाटेत गेलेल्या सेवकांची नावं वाचायची होती, त्यांच्या नावापुढे जुन्या वह्यांत त्यांच्याच सह्या. शनिवारी संध्याकाळी, नेहमी गाड्या बाहेर पडतात त्या वेळेला, फाटकातून दोन टेम्पो आत आले. सुवार्तिक पुढे बसलेले. मागे त्यांची सगळी मंडळी, गळीत आटोपून गावी परतलेली, लेकराबाळांसकट. इतकी वर्षं ते वहीत स्वतःचं नाव लिहीत आणि पुढच्या रकान्यात ‘मंडळी: 22 कोयते’ असं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. त्या दिवशी मी तो रकाना रिकामा ठेवला आणि एकेकाला समोर बोलावून नाव विचारलं. बायांची वेगळी, पोरांची वेगळी. एका आजींनी अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं आणि विचारलं, “आता समद्या येगळ्या येगळ्या मांडल्या ना?” मी त्यांचं नाव बोट ठेवून वाचून दाखवलं. रात्री साक्षीला त्यांच्यातल्या नऊ जणी बोलल्या. पानं संपली तेव्हा पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलं, पुष्पा ललितांच्या बातमीच्या शेजारी.

यंदा जानेवारीतच मेळावा आहे. सुवार्तिकांचा फडावरून फोन आला होता, शुक्रवारी रात्री निघतो, भाकरी ठेवा म्हणाले. मी दोन दस्त्यांची वही आणून रेघा मारून ठेवल्या आहेत.