लहान मुलासाठी परवडणारा ऑनलाइन अभ्यासक्रम कसा निवडायचा?

‘मूल पाच-सहा वर्षांचं आहे, घरीच शिकवायचं ठरवलंय. फार महाग नको, पण चांगला असा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम सांगा ना.’ हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: एका नावावर भागत नाही. आणि बहुतेकांचा पैसा चुकीचा अभ्यासक्रम घेतल्यामुळे वाया जात नाही, गरज नसलेले विषय घेतल्यामुळे जातो.

या वयात पायरीपायरीने शिकवावं लागतं ते फक्त वाचन आणि गणित. सोबत रोज दहा मिनिटं हस्ताक्षर. विज्ञान, इतिहास, भूगोल यांचा पाया तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलेल्या पुस्तकांतून आणि गप्पांतून पडतो. तरीही ‘सर्व विषय एकाच ठिकाणी’ असलेलं पॅकेज खपतं, कारण ते पालकांना निर्धास्त करतं. त्यातल्या विज्ञानाच्या धड्याखाली चार ओळींचा मजकूर असतो आणि मुलाला अजून वाचताच येत नसतं. म्हणून पैसे मोजायचेच असतील तर वाचन किंवा गणित यांपैकी जे शिकवायला तुम्हाला स्वतःला अवघड जातं, त्यासाठी मोजा. बाकीचं फुकटात जमवता येतं.

‘ऑनलाइन’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात स्क्रीन मुलाला शिकवते: व्हिडिओ, खेळ, चांदण्या, बक्षिसं. दुसऱ्यात स्क्रीन तुम्हाला शिकवते: पीडीएफ, शिक्षक-मार्गदर्शिका, आज काय बोलायचं, काय दाखवायचं. सात वर्षांखालच्या मुलासाठी मी डोळे झाकून दुसरा प्रकार सुचवीन. तो बहुधा स्वस्तही असतो. त्याची खरी किंमत म्हणजे तुमचा वेळ: रोज तास-सव्वा तास, तोही दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. तेवढा वेळ देणं खरोखरच शक्य नसेल तर पहिला प्रकार घ्या, पण मूल स्क्रीनसमोर असताना शेजारी बसा. घरात धाकटं भावंड असेल तर हेही लक्षात ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन पाहण्यासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, आणि कमी असेल तर अधिक चांगलं. ते मागे बसून तेच पाहत असेल, तर तेही त्याच हिशोबात धरायचं.

आता अभ्यासक्रमाची परीक्षा कशी घ्यायची ते. पहिला धडा पाहून ठरवू नका. पहिला धडा सगळ्यांचाच गोड असतो. वर्षाच्या मधला एक आणि शेवटच्या महिन्यातला एक धडा उघडून पाहा. ते पैसे भरल्याशिवाय उघडतच नसतील, तर निदान वर्षभराचा क्रम, म्हणजे कुठल्या आठवड्यात काय शिकवणार याची यादी मागा. ती नसेल तर तो अभ्यासक्रम नाही, खेळांचा ढीग आहे.

गणितात ८ + ५ कसं शिकवलंय ते शोधा. चांगल्या धड्यात दहा घरांची चौकट असते, पाच-पाच घरांच्या दोन ओळी. मूल त्यात आठ मणी ठेवतं, दोन घरं रिकामी दिसतात. हातातल्या पाचांतले दोन त्या घरांत जातात, तीन बाहेर उरतात. दहा आणि तीन, तेरा. मग हेच चित्रात, आणि त्यानंतर अंकांत. वस्तू, चित्र, चिन्ह या क्रमामागे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडलेला विचार आहे आणि सिंगापूरचं शालेय गणित त्यावरच उभं आहे. वाईट धड्यात पडद्यावर ‘८ + ५’ येतं, खाली चार पर्याय, आणि हिरवं होईपर्यंत मूल टिचक्या मारत राहतं. नुसत्या अंदाजाने चारातला एक बरोबर येतोच, दुसऱ्या संधीत तर आणखी सोपं, आणि शेवटी ‘शाबास, ९० टक्के!’ झळकतं. पडताळा सोपा आहे. स्क्रीन बंद करा, तेरा बटणं द्या, एका हातात आठ आणि दुसऱ्यात पाच. मूल एकपासून सगळी मोजायला लागलं तर ते टक्के विसरा. दहाचा गट मनात बसलेला नसेल तर पुढे हातच्याची बेरीज-वजाबाकी नुसती पाठ केलेली कृती होते.

वाचनात पडताळा आणखी झटपट होतो: चित्र झाका. शब्दाशेजारी चित्र असेल तर मूल चित्र वाचतं. अक्षराचा आवाज, मग आवाजांची जुळणी, आणि मग शिकून झालेल्या अक्षरांचेच शब्द असलेली छोटी पुस्तकं, असा क्रम हवा. देवनागरीत शिकवत असाल तर अ-आ-इ पासून सुरुवात करण्याऐवजी ‘ग, म, भ, न’सारख्या सोप्या वळणाच्या अक्षरांपासून करणारा क्रम निवडा, काना आणि वेलांट्या लगेच त्यांना जोडलेल्या हव्यात, जोडाक्षरं सावकाश. इंग्रजीसाठी घेत असाल तर अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४ आहेत, हे ध्यानात ठेवून आवाजांचा पाठ असलेलाच घ्या. आणि इंग्रजी वाचनाचं ॲप म्हणजे मराठी वाचनाची सोय नव्हे, दोन्हींना वेगळा वेळ लागतो.

फुकटात काय मिळतं? ‘खान अकॅडमी किड्स’ हे ॲप दोन ते आठ वर्षांसाठी आहे, विनामूल्य, जाहिराती नाहीत. सरावाला छान, पण वर्षाचा कणा म्हणून अपुरं. ‘कोअर नॉलेज’ या अमेरिकी संस्थेची इंग्रजी भाषेची आणि इतर विषयांची मार्गदर्शिकेसह पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. ती वर्गासाठी लिहिलेली असल्यामुळे ‘शेजाऱ्याशी चर्चा करा’ यासारखे भाग गाळून टाकायचे. एका मुलाबरोबर धडा बराच कमी वेळात उरकतो. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रकथा पातळीनुसार लावलेल्या आहेत. ‘ईझी पीझी’ आणि ‘अँबलसाइड’ हे पूर्ण वर्षाचे मोफत आराखडे लोकप्रिय आहेत, पण दोन्हींची बैठक ख्रिस्ती आहे, ते आधी वाचून पाहा.

किमतीचा हिशोब करताना छपाई हटकून विसरली जाते. ३६ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला पाच पानं म्हणजे ९०० पानं. रंगीत छापलीत तर ‘मोफत’ अभ्यासक्रम पैसे देऊन घेतलेल्यापेक्षा महाग पडतो. सरावाची पानं काळ्या-पांढऱ्यात छापा, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घाला आणि पुसता येणाऱ्या पेनाने पुन्हा पुन्हा वापरा. सबस्क्रिप्शन दर मुलामागे आहे की कुटुंबामागे, परदेशी चलनात असेल तर वर कर आणि बँकेचं शुल्क किती, आणि वाचन एका पातळीवर नि गणित दुसऱ्या पातळीवर ठेवता येतं का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर सोडून द्या. या वयात दोन्ही पातळ्या क्वचितच जुळतात. पातळी वयावरून ठरवू नका, प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते ठरवणारी चाचणी घ्या, आणि ती घेताना ‘नीट बघ हं’ असंही म्हणू नका.

वार्षिक सवलतीला लगेच भुलू नका, आधी एक महिना घ्या. ट्रायल सुरू करायची तर पाहुणे, प्रवास, आजारपण नसलेल्या आठवड्यात. रद्द करायची शेवटची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये लावून ठेवा, कारण बहुतेक ट्रायल आपोआप पैसे कापून घेतात. रोज वहीत तीनच गोष्टी लिहा: किती मिनिटं बसलं, कुठे तुमची मदत लागली, आणि आदल्या दिवशीचं सकाळी आठवलं का. आवडलं की नाही याची नोंद नको. या वयाला चांदण्या आवडतातच.

कायद्याचं मात्र सगळ्यात आधी पाहा. काही देशांत नोंदणी आणि दरवर्षी मूल्यमापन लागतं, जर्मनीसारख्या देशात घरी शिकवून शाळा टाळता येत नाही. ‘मान्यताप्राप्त’ या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी तो तुमच्याकडे कुणी मागतंय का, ते विचारा. तारीख घातलेल्या वह्या आणि वाचलेल्या पुस्तकांची यादी मात्र जपून ठेवा.

दोन-तीन महिन्यांत कंटाळा येणारच, आणि तेव्हाच लोक दुसरा अभ्यासक्रम विकत घेतात. आधी धडा अर्धा करून पाहा. मूल अडतंय ते धडा लांब आहे म्हणून, की मागची पायरी कच्ची आहे म्हणून, हे तेवढ्याने बरंच कळतं. वाचन बदलणं त्यामानाने सोपं. गणित बदलायचंच ठरलं तर चालू प्रकरण संपवा आणि नव्याची प्लेसमेंट टेस्ट घ्या. एकात घड्याळ आणि मोजमाप आधी येतं, दुसऱ्यात वर्षाच्या शेवटी; दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून मधे राहून जाणाऱ्या धड्यांवर आधीच खुणा करून ठेवा.