गाजराची पुंगी

"मंगळवारी हरलेलं बरं," गणिताचे मास्तर म्हणाले, आणि डॉक्टरांनी हातातला थंडगार गोड चहाचा ग्लास असा आपटला की आतला बर्फसुद्धा दचकला.

मे महिन्याचा तिसरा आठवडा. मिसिसिपी राज्यातलं स्टार्कव्हिल गाव. संध्याकाळचे सात वाजून गेले तरी अंगाला चिकटणारा उकाडा, हिरवळीवर एखाददुसरा काजवा, आणि शेजारच्या ओसरीवर दर वर्षी याच सुमाराला बसणारी बैठक. विषय एकच: आमच्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा बेसबॉलचा संघ हूवरच्या स्पर्धेला जाऊन काय दिवे लावणार?

बैठकीचे मानकरी ठरलेले आहेत. शेजारचे डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. आता निवृत्त झालेत, पण पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, कोपराबद्दल अजूनही घोड्याच्या गुडघ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. डॉक्टरीणबाई बोलतात कमी, लिहितात जास्त. त्यांच्या मांडीवर कायम स्कोअरची वही असते. समोरच्या घरातले मास्तर शाळेत बीजगणित शिकवतात आणि सुट्टीत आम्हाला. आणि चौथा डॉक्टरांचा जावई. तो शिकला ऑक्सफर्डला, म्हणजे इथून शंभरेक मैलांवरच्या ओल मिस विद्यापीठात, म्हणजे थेट शत्रुपक्षात. जावई हा दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. इथे म्हणत नसले तरी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ते वाचता येतं.

मी पाचवी. सांगलीची. नवरा विद्यापीठात मातीचा अभ्यास करतो, म्हणून या मातीत आले. पहिली दोन वर्षं मला या खेळातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. चेंडू टप्पा न पडता येतो, बॅट गोल, ती लागली की भांड्याच्या दुकानात पातेलं पडल्यासारखा आवाज, कारण कॉलेजात लाकडाची नाही, धातूची बॅट वापरतात. पण वाद मला पहिल्या दिवसापासून कळला. तो मी लहानपणापासून ऐकत आले होते.

आमचे बाबा रणजीतल्या महाराष्ट्राचे भक्त. विजय हजाऱ्यांच्या गावात राहून दुसरं काय होणार! तेव्हा पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र असे पाच संघ. महाराष्ट्राने रणजी दोनदा जिंकली, १९३९-४० आणि १९४०-४१ साली, दोन्ही वेळा देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर बाबांच्या वाट्याला आलं ते जर-तर. बडोद्याने मुंबईला पहिल्या डावात आघाडी घेऊ दिली नाही तर, आणि आपण गुजरातला डावाने हरवलं तर, आणि सौराष्ट्राकडे पाऊस पडला तर… आई कणीक मळता मळता म्हणायची, "आणि आत्याबाईला मिशा असत्या तर." १९९२-९३ला महाराष्ट्र खरोखरच अंतिम फेरीत गेला आणि लुधियानात पंजाबकडून हरला. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुढच्या हंगामाचं गणित सुरू.

इथली कॉन्फरन्स म्हणजे ढोबळमानाने तसाच विभाग. आमची साउथईस्टर्न. टेक्सस आणि ओक्लाहोमा येऊन मिळाल्यापासून तीत सोळा विद्यापीठं झाली. मोसमात दहा आठवडे, दर आठवड्याला एकाच संघाशी, बहुतेक वेळा शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने, म्हणजे तीस. त्यांच्या निकालावरून क्रम लागतो आणि मग सगळ्यांनी आठवडाभर हूवरला जायचं. हूवर हे अलाबामातल्या बर्मिंगहॅमला चिकटलेलं उपनगर. १९९८ पासून ही स्पर्धा तिथेच होते. मैदानाला स्वतःचं असं दुःख आहे: बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला निघालेला मायकेल जॉर्डन १९९४ साली याच मैदानावरच्या संघात होता, आणि त्याची सरासरी .२०२ होती. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर त्याचं नाव ऐकून लोक आले आणि धावफलक बघून गेले.

आता खरी गंमत. हूवरला जो जिंकेल त्याला देशपातळीवरच्या चौसष्ट संघांत थेट जागा. पण आमच्या कॉन्फरन्समधल्या तगड्या संघांना ती जागा एरवीही मिळतेच. मग हूवरचा करंडक नक्की कशासाठी? ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला ते ताट नकोसं, आणि जो खरा उपाशी आहे त्याच्या हाताला ते लागत नाही. मधल्यामध्ये लटकलेल्यांचीच तिथे जीव जाईपर्यंत धडपड. म्हणून दर वर्षी पहिला वाद होतो तो आपण यंदा कोण आहोत, याच्यावर. भरलेले, उपाशी की लटकलेले?

"लटकलेले," मास्तर म्हणाले. "पण हरलेले बरे."

त्यांचं गणित असं. नव्या पद्धतीत एकदा हरलं की घरी. पहिले चार संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत. नवव्यापासून सोळाव्यापर्यंतच्यांना मंगळवारपासून झगडायचं. करंडक हवा तर सहा दिवसांत पाच सामने. प्रत्येक सामन्याला ताजा पिचर हवा, आणि शंभरेक चेंडू टाकलेला पिचर आठवडाभर कामाचा राहत नाही. हूवरला सगळे हात झिजवले, तर पुढच्या शुक्रवारी रीजनल, म्हणजे त्या चौसष्ट संघांची पहिली फेरी, सुरू होते तेव्हा टाकायला कोण? मला हे गणित ऐकताक्षणी पटलं होतं. साखरपुड्यातच बुंदीचे सगळे लाडू वाढून मोकळे झालात, तर लग्नाच्या पंगतीत काय, पत्रावळी वाढणार?

डॉक्टरांना हे लाडूशास्त्र मान्य नाही. "हरायला जाणारा संघ हरायचंच शिकतो," ते म्हणाले. "रेसच्या घोड्याला कुणी सरावात मुद्दाम मागे ठेवतं का?"

"ठेवतात," जावई म्हणाला. त्याला घोड्यांतलं काडीचं कळत नाही, पण सासऱ्यांचं बोलणं तिथल्या तिथे खोडायचं हे त्याचं व्रत आहे. मग त्याने आपला हुकमाचा पत्ता काढला. २०२२ साली त्याच्या ओल मिसचा कॉन्फरन्समधला हिशेब चौदा विजय, सोळा पराभव. हूवरला मंगळवारी व्हँडरबिल्टने ३-१ असं हरवलं आणि सगळे त्याच दिवशी घरी. चौसष्टांत त्यांचा नंबर लागला तो अगदी शेवटून, दार लागता लागता आत पाय घातल्यासारखा. आणि त्याच संघाने पुढे ओमाहात, जिथे राष्ट्रीय अंतिम फेरी होते तिथे, ओक्लाहोमाला सलग दोनदा हरवून राष्ट्रीय विजेतेपद नेलं. "एकच सामना खेळलो हूवरला," जावई बोट वर करून म्हणाला. "एकच."

ओसरीवर शांतता पसरली. त्या वर्षी आमचा संघ गतविजेता होता आणि कॉन्फरन्समध्ये तळाशी. तेव्हा चौदांपैकी बाराच संघ हूवरला जायचे, म्हणजे आम्हाला हरायलाही बोलावलं नव्हतं. गतविजेते घरी आणि जावई ओमाहात! डॉक्टरांनी त्या उन्हाळ्यात लेकीला फोन केला की आधी जावई घरात आहे का ते विचारायचे.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा काही न बोलता आत जाऊन २०२१ ची वही आणली. ती वही मी पूर्वीही पाहिली आहे, पण ते पान दरवेळी नव्याने बघावंसं वाटतं. आधी सांगते, त्यांच्या वहीतलं पान म्हणजे रांगोळीच. प्रत्येक खेळाडूसमोर चौकोन, चौकोनात मैदानाचा छोटा हिरा, धाव झाली की हिरा शिसपेन्सिलीने भरायचा. खेळाडूंच्या जागांना आकडे: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३. शॉर्टस्टॉपने उचलून सेकंड बेसला आणि तिथून फर्स्टला फेकून दोघांना बाद केलं की ६-४-३. बॅट फिरवली पण चेंडू हुकून बाद झाला तर 'के'. नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा, आरशातला. उभ्या उभ्या लाज गेली याची एवढी सुबक नोंद मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

तर २०२१, हूवर. पहिल्या सामन्यात फ्लोरिडाने १३-१. दुसऱ्यात टेनेसीने १२-२. दहा धावांचा फरक पडला की नऊ इनिंग पुऱ्या न खेळवता गाशा गुंडाळतात, तसा दोन्ही दिवशी गुंडाळला. टेनेसीच्या पानावर पहिल्या तीन-चार इनिंगची रांगोळी नीट आहे. मग चौकोन रिकामे होत जातात, आणि तळाशी त्याच सुबक अक्षरात लिहिलंय: दूध, अंडी, कुत्र्याचं खाणं.

त्या रात्री डॉक्टरांनी टीव्हीचं तोंड भिंतीकडे केलं होतं म्हणे. मास्तरांनी पुढच्या मोसमाचं तिकीट काढणार नाही अशी शपथ घेतली. आणि जेमतेम महिन्याभरानं, ३० जूनला, हाच संघ ओमाहात व्हँडरबिल्टला ९-० असं लोळवून विजेता झाला. विद्यापीठाच्या इतिहासातलं कुठल्याही सांघिक खेळातलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद! त्या सामन्याच्या पानावर व्हँडरबिल्टच्या बाजूचे चौकोन पाहा: सगळ्या पानात हिट् एकच, आणि भरलेला हिरा एकही नाही. शेवटच्या चौकोनाशी पेन्सिल इतकी दाबली गेलीय की कागद फाटलाय.

"बघा," मास्तर म्हणाले. "हरून जिंकलो."

"बघा," डॉक्टर म्हणाले. "हरल्याची लाज वाटली म्हणून जिंकलो."

एकाच पानावरून दोन उलट निष्कर्ष. कीर्तनात एकाच अभंगाचे निघतात तसे.

यापुढे मास्तरांनी रेटिंगचं गणित काढलं, ते मी थोडक्यात आटोपते. चौसष्ट संघ निवडताना वापरतात त्या क्रमवारीत परक्या मैदानावरच्या विजयाला १.३ मोल आणि घरच्या विजयाला ०.७, हे त्यांनी मला याच ओसरीवर शिकवलं. हूवर तटस्थ, म्हणून तिथे पूर्ण एक. "आपण घरी जिंकतो ते पाऊण विजयसुद्धा नाही," असं ते म्हणाले तेव्हा डॉक्टरांना ते वैयक्तिक लागलं, कारण घरच्या मैदानावर लेफ्ट फील्डच्या कुंपणामागे त्यांची शेगडी असते. पूर्वी तिथे लोक आपापले पिकअप ट्रक आणून लावायचे आणि मांस भाजत सामना बघायचे. आता तिथे पक्के मचाण झालेत, धूर मात्र तोच. १५ एप्रिल २०२३ला ओल मिसविरुद्ध या मैदानावर १६,४२३ माणसं होती, कॉलेजच्या आवारातल्या बेसबॉल सामन्याचा विक्रम. मी तिथे मक्याची कणसं घेऊन जाते. लिंबू, मीठ, तिखट चोळून डॉक्टरांच्या शेगडीवर भाजते. पहिल्या वर्षी सगळ्यांनी संशयाने पाहिलं. आता सामना कुणाशी आहे हे विचारायच्या आधी कणसं किती आणणार ते विचारतात. या सगळ्याला ०.७ म्हणायचं म्हणजे काय!

मला मात्र मास्तरांच्या गणिताबद्दल वेगळाच संशय आहे. बारावीच्या निकालाआधी "पेपर जरा अवघडच गेला" असं सांगत हिंडणारी मुलं आठवतात? नव्वद टक्केवाली? मास्तर त्या जातीचे. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली, हे ते इतक्या वेळा बजावतात की वाजावी म्हणून त्यांचा जीव किती टांगणीला लागलाय ते लपत नाही. डॉक्टरांचं तसं नाही. ते सरळ "जिंकणार" म्हणतात आणि सरळ तोंडावर पडतात.

रात्री दहाला बैठक मोडली. निष्कर्ष शून्य. जावई जाताना म्हणाला, "तुम्ही आम्हीच पहिल्या फेरीत समोरासमोर आलो तर?" त्याला पाय-पुसण्यापर्यंत सोडायलाही कुणी उठलं नाही.

मंगळवारचा पहिला सामना सकाळी साडेनऊला असतो. ही काय खेळायची वेळ आहे? पण अडीच तास गाडी हाकून तिथे जाणारेही आहेत. आम्ही डॉक्टरांच्या दिवाणखान्यात जमलो. शाळेला सुट्टी लागली होती. मास्तर डोनटचं खोकं घेऊन आले, कोपऱ्यातल्या खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "मी आपला सोबतीला आलोय. हरलो तर मला आनंदच आहे."

दुसऱ्याच इनिंगमध्ये पंचाने फर्स्ट बेसवर आमच्या पोराला बाद दिलं. मास्तर खुर्चीतून उठले आणि बीजगणिताच्या तासाला बोलता येणार नाहीत असे दोन शब्द बोलले. डॉक्टर नुसते हसले. सातव्यात आम्ही मागे होतो. मास्तर टीव्हीपासून हातभर अंतरावर उभे, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी आतली बाहेर केली, शिलाई आणि घामाचा पट्टा वर, आणि तशीच उलटी पुन्हा घातली. संघ मागे असला की पाठीराखे ही टोपी घालतात. आपण देव पाण्यात ठेवतो, तसंच.

"हरलेलं बरं ना?" डॉक्टर हळूच म्हणाले.

"गप्प बसा हो," मास्तर वळून न बघता म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलीला टोक काढून घेतलं.