पायरीवरचं वाक्य

माझ्या दुकानाला दोन पायऱ्या आहेत. समोरची नाली पावसाळ्यात तुंबते आणि पाणी आत शिरतं, म्हणून बांधतानाच जोतं उंच घेतलं. राळेगाव तालुक्यातल्या एका फाट्यावरचं हे कृषी सेवा केंद्र. जूनमध्ये बियाणं, जुलैपासून फवारणीची औषधं, अधूनमधून खत, आणि कापूस विकला की उधारीची वसुली, असा वर्षाचा फेरा. चौदा वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं मी असं धरून चाललो की शेतकरी काउंटरसमोर उभा राहून बोलतो तेच त्याचं म्हणणं. आमच्याकडचा माणूस काउंटरवर मागायचं ते मागतो, भावाची घासाघीस करतो, पावसाला दोन शिव्या देतो, पिशवी उचलतो, आणि मग पायरी उतरताना, पाठ अर्धी वळलेली असताना, खरं काय ते सांगतो. तोवर माझी नजर पुढच्या गिऱ्हाइकावर गेलेली असायची.

2017 चा पावसाळा यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याला लागत होती. फवारा वर मारायचा म्हटलं की निम्मं औषध स्वतःच्याच तोंडावर. त्याच दिवसांत दुपारी एक मजूर दुकानात आला. मालकानं आणखी एक बाटली आणायला पाठवलं होतं. बाटली घेतली, माठातलं पाणी प्यायला, परत प्यायला. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. सप्टेंबरात घाम कोणाला येत नाही? मी पैसे मोजून गल्ल्यात टाकले. पायरी उतरता उतरता तो म्हणाला, "आज दिसून बी धूसरच राह्यलं."

मी म्हणालो, "उन्हाचं असन."

युरियासाठी थांबलेल्या एका बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि जवळजवळ ओरडलीच, "भाऊ, त्याले दिसत नाई म्हनते तो!" पायरीवरून खाली जाऊन तिनं त्याचं मनगट धरलं, नालीच्या कडेला बसवलं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस या गटातल्या औषधांनी डोळ्याची बाहुली आकसते, घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते. हे मला पाठ होतं. विक्रेता आहे मी, लायसन भिंतीवर लावलेलं आहे. पण पाठ असणं वेगळं आणि समोरचा तेच सांगून राहिला आहे हे कळणं वेगळं. मोटरसायकलवर मध्ये बसवून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून यवतमाळला. पाच दिवसांनी घरी आला. अजून रस्त्यात भेटला की रामराम घालतो आणि मी नजर चुकवतो.

आता कोणाला वाटेल, इथून माणूस सुधारला असेल. मी घाबरलो फक्त. घाबरलो म्हणून जास्त बोलायला लागलो. येईल त्याला लाल त्रिकोण, पिवळा त्रिकोण, हातमोजे घाला, तोंडाला बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, दोन औषधं मनानं मिसळू नका. सगळं बरोबर होतं आणि सांगायलाच पाहिजे होतं. पण समोरच्याला तोंड उघडायला जागा राहिली नाही.

2019 च्या जुलैत शेजारच्या गावचे एक काकाजी आले. कपाशी दीड महिन्याची. म्हणाले, "शेंडे आकसून राह्यले, पानं बारीक झाले." माझ्या डोक्यात लगेच छापील उत्तर: तुडतुडे, फुलकिडे, चुरडा. रॅकवरून दोन बाटल्या काढल्या, प्रति पंप किती ते झाकणावर पेननं लिहून दिलं, बिल चौदाशेचं. काकाजी उतरले. पायरीवर थांबून चप्पल घालता घालता म्हणाले, "आता पंप कोनाचा मागू बाप्पा? मांगच्या बारी शेजाऱ्याचा आनला होता, त्यानं धुऱ्यावरचं गवत मारलं होतं त्याच्यानं." मी "हो हो" म्हणालो. अगदी शब्दशः "हो हो."

आठ दिवसांनी तेच काकाजी प्लॅस्टिकच्या थैलीत एक झाड घेऊन आले आणि ते माझ्या बिलबुकावर ठेवलं. वरची पानं कपाशीची नव्हतीच. लांबट, चिरलेली, शिरा सरळ एकमेकींना समांतर गेलेल्या. भेंडीची पानं कोणी आणून चिकटवली असं वाटावं. हे टू-फोर-डी. रुंद पानाचं तण मारणारं, हार्मोनच्या जातीचं तणनाशक. कपाशी त्याला इतकी नाजूक आहे की नीट न धुतलेल्या पंपात राहिलेला अंश पुरतो, बाजूच्या वावरातून वाऱ्यानं आलेला फवाराही पुरतो. मी विचारलं, "पंप कोणाचा वापरला होता?"

काकाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमाले सांगतलं होतं ना म्या. तिथून." आणि पायरीकडं बोट दाखवलं.

त्यावर औषध नाही. बिघडलेले शेंडे खुडायचे, नवीन फूट येण्याची वाट पाहायची. पहिल्याच दिवशी मी हे सांगितलं असतं तर आठ दिवस वाचले असते आणि किडीसाठी नको असलेली फवारणीही. चौदाशे मी त्यांच्या खात्यातून वजा केले. ते झाड बरेच दिवस काउंटरवर सुकत पडलं होतं. बायको झाडू मारताना फेकायला निघाली तर मी फेकू दिलं नाही.

त्याच हिवाळ्यात नागपूरला एका मोठ्या हॉटेलात विक्रेत्यांचं प्रशिक्षण झालं. टायवाल्या साहेबांनी ऐकण्याचं तंत्र शिकवलं: मान हलवायची, डोळ्यांत पाहायचं, आणि समोरचा बोलला ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. पनीर चांगलं होतं. मी परत येऊन दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं. एक जण म्हणाला, "तूर पिवळी पडून राह्यली." मी डोळ्यांत पाहून म्हणालो, "म्हणजे तुमची तूर पिवळी पडून राहिली आहे." तो थोडा मागं सरकला. "आता तेच त सांगतलं ना म्या. आयकू कमी येते का भाऊ?" त्या दिवशी तंत्र बंद.

माझे आबाजी तरुणपणी गाडगेबाबांच्या कीर्तनाला गेलेले. बाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा, म्हणजे आमच्याच भागातला माणूस. आबाजींना त्यातला उपदेश फारसा आठवत नसे. आठवायचं ते हे, की बाबा प्रश्न विचारायचे आणि मग थांबायचे. लोक मोठ्यानं उत्तर द्यायचे, त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न. "आपन बोललो नाई तर कीर्तन पुढं सरकतच नोहोतं," असं आबाजी म्हणायचे. हॉटेलातल्या प्रशिक्षणापेक्षा मला हे उपयोगी पडलं. मी फार काही केलं नाही. काउंटरच्या आत एक लाकडी बाकडं होतं, गठ्ठे ठेवायला. ते बाहेर पायरीजवळ नेऊन ठेवलं. आणि रॅककडं हात जायच्या आधी एकच विचारायचं ठरवलं: "मागच्या दहा दिवसांत वावरात काय काय झालं?" किडीचं नाव नाही, औषधाचं नाव नाही. पाणी किती पडलं, कोणी डवरलं, काय मारलं, कोणाच्या पंपानं. माणूस हे सांगायला बसतो आणि सांगता सांगता स्वतःच अडखळतो: "अरे हो, त्या दिवशी..." निम्म्या वेळा विक्री होत नाही. कपाशीत पाणी साचलं आणि लगेच ऊन पडलं की झाड दुपारपर्यंत मान टाकतं. त्याला आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं असतं, महागडी बाटली नंतर लागली तर. हे सांगून मी त्याला रिकाम्या हातानं पाठवतो. गल्ल्याला फटका बसतो का? बसतो. पण तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाचा फाटा ओलांडून येतो.

उधारीत मात्र मी अजून कच्चा आहे. पैसा मध्ये आला की माझे कान बंद होतात. एका डिसेंबरात एक जण हिशोबाला आला. बाकी अडतीस हजार. तो अर्धा तास शेळ्यांचं बोलत होता. उठला, पायरीवर गेला, म्हणाला, "बैल इकला भाऊ."

मी विचारलं, "कितीले गेला?"

त्यानं आकडा सांगितला, मान हलवली, गेला. पैसे दोन दिवसांत आले, पूर्ण. मी वहीत लाल रेघ मारून खूश. पुढच्या जूनला तो बियाण्याला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बैल विकला म्हणजे आता वखर कशानं चालवू, हे तो मला सांगून राहिला होता. मी भाव विचारला. आमच्या जिल्ह्यात या गोष्टी कुठपर्यंत जातात ते वाचणाऱ्याला माहीत आहे, मी लिहीत नाही. त्याचं तसं काही झालं नाही. तो आता दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टरवर जातो. पण मला त्याला हाक मारायला तोंड नाही.

जूनच्या पहिल्या पावसानंतरचे चार दिवस हे सगळं विसरायचं. तीस माणसं काउंटरला रेटून उभी असतात, प्रत्येकाला त्याच वाणाची थैली हवी असते, तेव्हा "वावरात काय झालं" विचारलं तर मागचे मला उचलून नालीत टाकतील. आणि काही माणसं अशीही असतात की त्यांना कितीही ऐका, पायरी येतच नाही. एक मामाजी रोज दहाला येऊन बाकड्यावर बसतात आणि 1994 चा पूर सांगतात. चहा पाजतो आणि माझं काम करतो. सगळ्यांचं सगळं ऐकायला मी काही देव नाही.

घरी माझा आजार वेगळाच. बायको काही म्हणाली की माझ्या तोंडून मात्रा निघते. खांदा दुखते? पट्टी लाव. आई चिडचिड करते? तू बोलू नको. प्रति पंप एवढे मिली, झाला विषय. तिनं एकदा पोळी लाटता लाटता म्हटलं, "तुमाले औषध नाई मांगितलं म्या." लाटणं थांबलं नाही, आवाज चढला नाही. मी ताटावर बसलेला, पुढं काय बोलावं ते सुचेना, म्हणून गप्प राहिलो. मग ती बरंच बोलली. बरंचसं माझ्याबद्दल होतं.

मुलगी अमरावतीला इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. रात्री नऊला फोन येतो, तेव्हा मी गल्ला मोजत असतो. जेवली का, हो. मेस कशी आहे, ठीक. पैसे आहेत का, आहेत. "बरं बाबा, ठेवते." मी ठेवायचो. मागच्या फेब्रुवारीत एका रात्री लाइट गेली होती, मोजायचं काम थांबलेलं, मी अंधारात बसून होतो. तिनं "ठेवते" म्हटलं आणि मी काहीच म्हणालो नाही. तिनंही फोन ठेवला नाही. पलीकडं कोणाच्या तरी बादलीचा आवाज, कॉरिडॉरमध्ये पोरी हसून राहिल्या. पाऊण मिनिट गेलं असेल. मग म्हणाली, "बाबा, मॅथ्स राहिलं माझं."

निकाल लागून तीन आठवडे झाले होते. म्हणजे एकवीस फोन.

माझ्या जिभेवर पाच-सहा वाक्यं आली, क्लास लाव यापासून सुरू होणारी. मी म्हणालो, "मग?" ती रडली, मग चिडली, मग सरांची नक्कल केली, मग भूक लागली म्हणाली. लाइट आली तेव्हा साडेदहा वाजले होते. मी नोटा परत पहिल्यापासून मोजल्या.

हे सगळं आज लिहायला बसलो कारण सकाळी एक पोरगा आला होता, पंचविशीचा. वडील मागच्या वर्षी गेले, यंदा पहिल्यांदा शेत त्याच्या हातात. डोमकळ्या दिसून राहिल्या म्हणाला, म्हणजे बोंडअळी फुलात शिरलेली. मी बाकड्यावर बसवलं, सगळं विचारलं. कामगंध सापळे हेक्टरी पाच लावायचे, रोज सकाळी पतंग मोजायचे, तीन दिवस लागोपाठ सापळ्यात आठच्या वर आले तरच फवारणीचा विचार. डोमकळ्या तोडून जाळायच्या. त्यानं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. हुशार आहे. सापळे घेतले, पैसे रोख दिले, उठला. पहिली पायरी उतरला आणि थांबला.

मी पेन खाली ठेवलं. मागं दोघं उभे होते, त्यांना हातानं थांबवलं.

तो रस्त्याकडं पाहत होता. गालावर बोट घासलं. मी म्हणालो, "बोल ना."

"नाई भाऊ, काई नाई."

आणि गाडीला किक मारून गेला. दुपट्टा बाकड्यावरच राहिला आहे, त्याच्या वडिलांचा असावा, जुना आहे. मी घडी करून रॅकच्या वरच्या फळीवर ठेवला. उद्या सकाळी येईलच घ्यायला. दहाच्या आधी आला तर बरं, दहाला मामाजी येतात.